१९४८ आणि बीदर-गुलबर्ग्याची निःशस्त्र प्रजा

बीदर हे नाव मराठी कानाला कधीच परके नव्हते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला मोकळी केली आणि त्या धान्याचा पैसा पांडुरंगाने विठू महाराच्या रूपाने बीदरच्या दरबारी भरला, ही कथा कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली आहे. गुरुचरित्रात बीदरचा मुसलमान राजा श्रीनृसिंहसरस्वतींना शोधीत गाणगापुरास येतो. एकोणिसाव्या शतकात हुमनाबादेस माणिकप्रभूंच्या दरबारी हिंदू व मुसलमान दोघेही येत. या कथांना इतिहासाचा आधार कितपत, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. त्या सांगणाऱ्या व ऐकणाऱ्या समाजाने बीदर-गुलबर्ग्याचा मुलूख हा दोन धर्मांनी आणि तीन-चार भाषांनी एकत्र नांदण्याचा मुलूख म्हणून मनाशी धरला होता, एवढे त्यांवरून खास दिसते.

त्याच मुलखात १९४८ साली, उन्हाळ्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंतच्या काही महिन्यांत, निःशस्त्र माणसांचा दोनदा संहार झाला. पहिल्या वेळी मरणारे बहुतांशी हिंदू होते, दुसऱ्या वेळी मुसलमान. पहिल्या संहाराची स्मृती आपण जपली, आणि ते योग्यच केले. दुसऱ्याविषयी आपल्या लेखनात जवळजवळ मौन आहे. युद्धकाळात शस्त्र न धरलेल्या माणसाच्या जीविताचे रक्षण कोणी व कोणत्या आधारावर करावयाचे, हा प्रश्न आज जगात नित्य चर्चिला जातो. दूरदेशांची उदाहरणे दिली जातात. आमच्या मते मराठी अभ्यासकाने या प्रश्नाची पहिली पायरी आपल्या सीमेवरच्या या दोन जिल्ह्यांत शोधली पाहिजे.

प्रथम भूगोल स्पष्ट करणे अवश्य आहे. १९४८ चा बीदर जिल्हा आजच्या जिल्ह्याहून पुष्कळ मोठा होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके त्यात होते. पूर्वेकडे जहीराबादचा तेलुगू भाषक भागही होता. आजच्या बसवकल्याणचे नाव तेव्हा कल्याणी असे होते, आणि आजचे कलबुर्गी हे २०१४ पर्यंत गुलबर्गाच होते. निजामाच्या संस्थानात एकूण सोळा जिल्हे. कारभाराची भाषा उर्दू. घरात मराठी, कन्नड, तेलुगू किंवा दखनी. पश्चिमेस सोलापूर, म्हणजे इंग्रजी व पुढे स्वतंत्र हिंदुस्थानचा मुलूख, अगदी हाताशी होता. जीव मुठीत धरून पळणाऱ्याला सोलापूरची वाट माहीत होती, आणि शस्त्र घेऊन येणाऱ्यालाही तीच.

१९४७ च्या २९ नोव्हेंबरला निजाम व भारत सरकार यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्या कराराच्या आडोशाला संस्थानात दोन सत्ता वाढल्या: एक निजामाची, आणि दुसरी मजलिसे इत्तेहादुल मुसलमीनच्या रझाकारांची. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने संस्थानात सत्याग्रह आणि सरहद्दीवर छावण्या असा दुहेरी लढा चालविला होता. त्याचा सूड रझाकारांनी उगवला तो बहुधा लढणाऱ्यांवर नव्हे, तर गावांवर. खंडणी द्यावी, नाही तर गाव लुटले जाईल, हा त्या काळचा दंडक. बीदर जिल्ह्यातील गोरटा या गावी मे १९४८ मध्ये रझाकारांनी हल्ला केला. तेथे सुमारे दोनशे माणसे मारली गेली असे सांगितले जाते. तेव्हापासून गोरट्याचे नाव त्या भागात ‘रझाकारी’ या शब्दाचा जणू प्रतिशब्द होऊन बसले. २०२३ साली तेथे हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले.

रझाकारांचा कोप केवळ हिंदूंवर होता असेही नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझवीच्या राजकारणावर निर्भय टीका केली आणि भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात त्यांचा खून झाला. धर्मावरून शत्रू-मित्र ओळखण्याचा जो सोपा मार्ग पुढे रूढ झाला, त्याला हे एकच नाव खोटे पाडते.

या सर्व अत्याचारांची नोंद झाली होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. भारत सरकारने १९४८ मध्ये हैदराबादविषयी एक श्वेतपत्रिका छापून प्रसिद्ध केली आणि तीत रझाकारांच्या कृत्यांना मोठे स्थान दिले. पीडितांचे दुःख सरकारी कागदावर उमटले, देशापुढे मांडले गेले, आणि सैन्य पाठविण्याच्या कारणांपैकी एक प्रमुख कारण म्हणून सांगितले गेले. संस्थानातील प्रजेच्या जीविताचे रक्षण हे कारण खोटे नव्हते. तथापि ज्या कारणासाठी सैन्य जाते, ते कारण त्या सैन्याच्या पाठोपाठ येणाऱ्या दिवसांनाही बांधून ठेवते, हे आम्हांस येथे आग्रहाने म्हणावयाचे आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मुख्य फळी सोलापूरहून हैदराबादच्या सडकेने निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. मग उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद, जहीराबाद. ज्या सडकेने माणिकनगरचे यात्रेकरू जात, तीच ही सडक. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. लष्करी दृष्ट्या हे युद्ध थोडक्यात आटोपले. भारतीय बाजूच्या मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला. आणि या सगळ्याला युद्ध म्हटलेच गेले नाही. नाव पडले ‘पोलिस अ‍ॅक्शन’. मराठवाड्यात आणि बीदर-गुलबर्ग्यात वृद्ध माणसे नुसते ‘अ‍ॅक्शन’ एवढेच म्हणत. अ‍ॅक्शनच्या आधी जन्मलेला, अ‍ॅक्शननंतर लग्न झालेली, अशी कालगणना घराघरात चाले.

या नावामागे कारण होते. निजामाने ऑगस्टमध्ये आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे नेले होते, आणि सैन्य मार्गावर असतानाच, १६ सप्टेंबरला, पॅरिस येथे समितीने तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. हैदराबाद हे परके राज्य नव्हे, हा आमच्या घरातला बंदोबस्ताचा प्रश्न आहे, अशी भारताची भूमिका. ती भूमिका राजकीय दृष्ट्या आम्हांसही योग्य वाटते. आसपासच्या सर्व बाजूंनी भारताने वेढलेल्या, प्रजेचा बहुसंख्य भाग विलीनीकरणाच्या बाजूचा असलेल्या संस्थानाने स्वतंत्र सार्वभौम राहावे, या कल्पनेत काही अर्थ नव्हता. परंतु नावाचा एक परिणाम असा झाला की युद्धाचे नियम लागू आहेत काय, हा प्रश्नच कोणी विचारला नाही. आणि पोलिसांचे नियम लागू आहेत म्हणावे, तर गावात पोलिसच उरला नव्हता.

संस्थानी अंमल कोसळला होता. जुने अंमलदार पळाले, लपले, किंवा अटकेत पडले. शेजारच्या प्रांतांतून मुलकी अधिकाऱ्यांची पथके येत होती, मुख्य मुलकी प्रशासक म्हणून बखले यांची नेमणूक झाली होती. परंतु जिल्ह्याच्या गावी अधिकारी येणे वेगळे आणि पंचवीस कोसांवरच्या खेड्यात कायदा पोचणे वेगळे. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि त्यानंतरचे काही आठवडे या पोकळीचे होते. सरहद्दीपलीकडे परागंदा झालेले परत येत होते. कोणाचे घर जळलेले, कोणाचा भाऊ मेलेला. त्यांच्याबरोबर सूडाची भावना आली, आणि सूडाला जे नेहमी चिकटते ते जमिनीचे, घराचे, देण्याघेण्याचे हिशेबही आले.

यानंतर काय झाले ते समजून घेण्याचे आपल्याजवळचे मुख्य साधन म्हणजे पंडित सुंदरलाल यांच्या शिष्टमंडळाचा अहवाल. ‘भारत में अंग्रेजी राज’ या इंग्रजांनी जप्त केलेल्या ग्रंथाचे हे लेखक. गांधीजींच्या परंपरेतले, हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी आयुष्य वेचलेले. हैदराबादेतील उर्दू लेखक व ‘पयाम’चे संपादक काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे त्यांचे सहकारी. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून हे मंडळ २९ नोव्हेंबर १९४८ ला हैदराबादेत पोचले आणि २१ डिसेंबरला दिल्लीस परतले. सोळांपैकी नऊ जिल्हे, सात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे, एकवीस शहरे-कसबे आणि तेवीस महत्त्वाची खेडी त्यांनी पाहिली. प्रत्यक्ष न पाहिलेल्या १०९ खेड्यांतील पाचशेहून अधिक लोकांच्या हकीकती ऐकल्या. तीन आठवड्यांत एवढे काम होणे ही सामान्य गोष्ट नव्हे. चौकशीचा न्यायालयीन अधिकार मात्र त्यांना नव्हता; ते सदिच्छा मंडळ होते.

अहवालाचा निष्कर्ष असा: अत्यंत सावधपणे अंदाज केला तरी पोलिस अ‍ॅक्शनच्या काळात व तीनंतर संपूर्ण संस्थानात निदान २७,००० ते ४०,००० माणसे मेली. सर्वांत वाईट स्थिती चार जिल्ह्यांची: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतच मृतांची संख्या १८,००० च्या खाली नसावी. रझवीचे गाव म्हणून लातुरावर विशेष कोप झाला. तेथे संहार वीस दिवसांहून अधिक चालला, आणि दहा हजारांच्या आसपासच्या मुस्लिम वस्तीतून मंडळ पोचले तेव्हा तीन हजार उरले होते. पुष्कळ मेले, बाकीचे परागंदा झाले. मृत्यूंखेरीज लूट, जाळपोळ, स्त्रियांचे अपहरण, सक्तीची धर्मांतरे, घरे व जमिनी बळकावणे यांच्याही नोंदी आहेत. विहिरींत प्रेते टाकल्याचेही आहे. सोलापूर व अन्य शहरांकडून आलेल्या जातीय टोळ्यांचा उल्लेख आहे. आणि सर्वांत बोचणारे म्हणजे, काही ठिकाणी सैन्यातील व पोलिसांतील माणसांनीच लुटीत व इतर गुन्ह्यांत भाग घेतल्याचे मंडळाने लिहिले आहे. त्याबरोबरच सैन्याची शिस्त सर्वसाधारणपणे चांगली होती आणि अनेक अधिकाऱ्यांनी लोकांना वाचविले, हेही त्यांनी लिहिले. शस्त्रे गोळा करण्याविषयी एक बारीक निरीक्षण अहवालात आहे. हुकूम दोन्ही समाजांना होता; प्रत्यक्षात मुसलमानांची शस्त्रे गेली, हिंदूंची पुष्कळदा राहिली. सैन्याला ज्यांची भीती वाटत नव्हती त्यांच्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. निःशस्त्रीकरण एका बाजूचेच झाले की त्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

आकड्यांविषयी वाद होऊ शकतो, आणि व्हावाही. हा अंदाज आहे, खानेसुमारी नव्हे. पण रझाकारांनी मारलेल्यांचीही खानेसुमारी झालेली नाही. गोरट्याचा आकडा आपण परंपरेने स्वीकारतो. मग तीन जबाबदार माणसांनी गावोगाव फिरून दिलेला अंदाज केवळ अंदाज म्हणून बाजूला सारणे हे इतिहासकाराचे वर्तन नव्हे. ‘मेले ते रझाकारच होते’ असेही म्हटले जाते. त्यांत रझाकार होते यात शंका नाही. परंतु रझाकाराला शासन करण्याचे स्थान न्यायालय. आणि स्त्रिया व लेकरे कोणत्या पथकात होती, याचे उत्तर या युक्तिवादात मिळत नाही.

कायद्याचा विचार केला तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. हे युद्ध होते असे धरा: मग १९०७ च्या हेगच्या नियमांप्रमाणे ताब्यात आलेल्या प्रदेशातील कुटुंबांची अब्रू, माणसांचे जीवित आणि खाजगी मालमत्ता यांचा मान राखणे सैन्यावर बंधनकारक होते, लुटीस साफ बंदी होती. युद्ध नव्हते असे धरा: मग साधा फौजदारी कायदा होता, आणि खून हा खूनच होता. दोन्ही दारे निःशस्त्र माणसासाठी उघडीच असावयाची. प्रत्यक्षात पहिले दार नावाने बंद झाले आणि दुसऱ्यापाशी दरवान नव्हता. आमच्या मते या प्रकरणाचे मर्म येथे आहे. निःशस्त्र माणसाच्या रक्षणासाठी नवे तत्त्व शोधावयाचे नव्हते. होते ते तत्त्व कोणत्या नावाखाली लागू करावयाचे, एवढ्यावर सारे अडले.

योगायोग असा की सुंदरलाल मंडळ संस्थानात फिरत असतानाच, १० डिसेंबर १९४८ ला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. निजामाची तक्रार तीन महिन्यांपूर्वी ज्या शहरात आली, तेच हे शहर. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘पुरुष’ असाही अर्थ निघणारा शब्द जाऊन ‘सर्व मानव’ असा अर्थ यावा म्हणून भारताच्या हंसा मेहता यांनी आग्रह धरला, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९४९ ला, जिनीव्हाचे चार करार झाले. चौथा करार सर्वस्वी नागरिकांच्या रक्षणाचा. चारांनाही समान असलेले तिसरे कलम तर जणू हैदराबादसारख्या प्रसंगांवरच बोट ठेवते: संघर्ष दोन राष्ट्रांतला नसून एकाच देशाच्या आतला असला तरी शस्त्र न धरणाऱ्याला किमान माणुसकीने वागविले पाहिजे, खून, छळ, ओलीस धरणे, न्यायाविना शिक्षा यांना बंदी. हे कलम हैदराबादमुळे आले असे आम्ही म्हणत नाही. स्पेनचे यादवी युद्ध, ग्रीस, आणि त्यांमागे सबंध महायुद्ध होते. भारताने १९५० साली या करारांना मान्यता दिली आणि १९६० मध्ये त्यांसाठी कायदा केला. अंतर्गत संघर्षातील नागरिकांविषयीचा १९७७ चा पूरक करार मात्र भारताने स्वीकारलेला नाही.

हे सारे पाश्चात्त्यांचे उसने तत्त्वज्ञान आहे, असे म्हणण्याची सोय मराठी माणसाला नाही. १६७३ साली चिपळुणास छावणी करून असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवाजीमहाराजांनी लिहिलेले पत्र शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. दाणा, गवत, भाजी, काहीही रयतेकडून बळाने घ्याल तर लोक देशोधडीस लागतील आणि तुम्ही मोगलांहून वाईट असे म्हणतील, असा त्याचा आशय. त्या पत्राची खरी थोरवी अशी की ते शत्रूला उद्देशून नाही. आपल्याच फौजेला, आपल्याच बाजूच्या माणसांना ते बजावलेले आहे. स्वपक्षाला जाब विचारण्याची ही परंपरा आपली असेल, तर १९४८ च्या सप्टेंबरविषयी बोलताना जीभ अडखळण्याचे कारण काय?

न्यायाची एक बाजू येथे नोंदली पाहिजे. कासीम रझवीवर खटला चालला. विशेष न्यायासनाने त्याला बिबीनगर प्रकरणात शिक्षा दिली. त्या न्यायासनाच्या कार्यपद्धतीने आपल्या समानतेच्या हक्काचा भंग होतो, अशी तक्रार घेऊन तो नव्या घटनेच्या आधारे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५३ मध्ये न्यायालयाने ती बहुमताने फेटाळली. शिक्षा भोगून १९५७ साली तो सुटला आणि पाकिस्तानात गेला. ज्या राज्याविरुद्ध त्याने आग ओकली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायाधीशांनी त्याचे म्हणणे शांतपणे ऐकले, ही प्रजासत्ताकाला भूषणावह गोष्ट आहे. परंतु त्याचे नाव घेऊन ज्या विणकराचे, तेल्याचे, शेतमजुराचे घर जाळले गेले, त्याला असे एकही न्यायासन लाभले नाही.

अहवालाचे पुढे काय झाले? श्वेतपत्रिका छापली होती. हा अहवाल छापला गेला नाही. ओमर खालिदी यांनी १९८८ मध्ये त्यातील भाग प्रसिद्ध केले. २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या ग्रंथात तो आला. म्हणजे जवळजवळ दोन पिढ्या उलटल्या. मराठीत या काळावर काही कमी लिहिलेले नाही. अनंत भालेरावांचा ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ तर आधारभूतच आहे. तरी मुक्तिसंग्रामावरच्या आपल्या सर्वसामान्य लेखनात, आणि त्याहून अधिक शालेय पुस्तकांत, १७ सप्टेंबर ही बहुधा शेवटची ओळ असते. झेंडा चढतो आणि प्रकरण संपते. गुलबर्ग्यातील किंवा उदगिरातील एखाद्या मुस्लिम विद्यार्थ्याच्या घरी त्याच तारखेनंतर जी कथा सुरू होते, ती वर्गात कधी येत नाही. तो मुलगा शिक्षकाचे ऐकतो, आजीचेही ऐकतो, आणि दोन्ही एकाच वर्षाविषयी आहेत हे त्याला कोणी सांगत नाही. जुन्या जखमा कशाला उकलाव्या, असे म्हणणारे सद्हेतूनेच म्हणतात. पण गोरट्याची जखम आपण दरवर्षी उकलतोच. मौनाचा नियम दोहोंना लावा किंवा स्मृतीचा दोहोंना लावा. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहोत.

अहवालातील एक उल्लेख आम्हांस सर्व आकड्यांहून मोलाचा वाटतो. हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचविल्याची उदाहरणे मंडळाला ठिकठिकाणी आढळली, आणि ही माया एका धंद्याच्या लोकांत विशेष दिसली. हिंदू विणकरांनी हिंदू जमावाच्या विरुद्ध उभे राहून मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यासाठी मोठी किंमत मोजली, काहींनी प्राणही दिले. पळवून नेलेल्या मुस्लिम स्त्रिया शोधून परत आणण्यात हिंदूंनी साह्य केले. ज्यांना हेग ठाऊक नव्हते, पॅरिस ठाऊक नव्हते, त्यांनी मागावरच्या शेजाराने जे केले ते त्या वेळी त्या मुलखातले एकमेव कार्यरत असे कायद्याचे राज्य होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्यांचे स्मारक कोठे नाही.

शिक्षक व अभ्यासक मंडळींना येथे खरोखरीचे काम आहे. पण ते सोपे नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या भाषावार रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात आले आणि आज महाराष्ट्राच्या लातूर जिल्ह्यात आहेत. भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात जाऊन आज कर्नाटकात आहेत. जहीराबाद आंध्रमार्गे तेलंगणात. सीमावाद अद्याप मिटलेला नाही, आणि त्या वादात आपण गावांची मोजदाद अतिशय बारकाईने केली: कोणत्या गावात किती मराठी, किती कन्नड. त्याच गावांत १९४८ मध्ये कोण कोणाच्या हातून मेले, कोणाला कोणी लपविले, कोणाची जमीन कोणाच्या नावे चढली, ही मोजदाद करावयाची तर तीन राज्यांत फिरावे लागेल. त्या वेळच्या कारभाराचे कागद उर्दूत आहेत. ते वाचू शकणारा मराठीचा शिक्षक विरळा. जाणती माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत, त्यांतले काही मराठी बोलतात, काही कन्नड, काही दखनी. गावाचे नाव, व्यक्तीचा व्यवसाय, प्रसंगाचा महिना, सांगणाराचे प्रसंगाशी नाते, एवढे चार रकाने असलेली एक वही प्रत्येक तालुक्यासाठी पुरेल. आणि तीत पहिले पान गोरट्याचे असावे, दुसरे अ‍ॅक्शननंतरचे, दोन्ही एकाच शाईने लिहिलेली.